बॅटरीला ऊन दाखवण्याबाबत

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकून असं नुसतं लिहिलंय. प्रत्यक्षात हल्ली वाकलं की सरळ होताना भिंतीचा आधार लागतो, तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घे.) तुझ्या गुडघ्याचं काय म्हणणं आहे? वहिनीची सर्दी गेली की अजून मुक्कामाला आहे? तुझ्या पत्रात दोन पानं उपदेश आणि दोन ओळी मजकूर होता, त्यावरून तुझी तब्येत ठणठणीत असावी असा अंदाज बांधला. आमच्याकडे सगळं क्षेम. असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. ह्यांची उजवी बाजू झटका आला त्या दिवशी जशी निजली तशीच निजलेली आहे, पाठीची जखम भरते भरते म्हणताना पुन्हा उघडली, आणि परवा औषधाच्या दुकानदाराने माझ्याकडे निरखून पाहत "पेशंट तुम्हीच ना?" असं विचारलं. मी हो म्हणून टाकलं. समजावून सांगायला अंगात जोर लागतो. बाकी क्षेम.

तू पाठवलेलं खोकं पोहोचलं हे कळवायला एवढा उशीर झाला, कारण ते पोहोचल्यापासून मी त्याच्याच सेवेत आहे. मी तुला फोनवर एवढंच म्हटलं होतं की आमच्या रस्त्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला, वीज मनाला येईल तेव्हा जाते, आणि ती गेली की ह्यांच्या हवेच्या गादीचा पंप बंद पडतो. (वहिनीला ही गादी ठाऊक नसेल. तिच्यात आडव्या नळ्या असतात, पंप त्या आळीपाळीने फुगवतो आणि सोडतो, म्हणजे माणसाचा भार एकाच जागी राहत नाही आणि पाठ सडत नाही. पंप थांबला की हवा झिरपते आणि हे हळूहळू खाली जातात, तासाला मागच्या बाकावर बसलेला मुलगा बाईंची नजर चुकवून खाली सरकतो तसे. मग खालची फळी थेट जखमेला लागते.) एवढं ऐकून तू दुसरं काही न विचारता बॅटरीचा डबा आणि तीन सोलर पॅनल पाठवून दिलेस. दादा, तुझे आभार मानायचे की तुझ्यावर रागवायचं हे पत्र संपेपर्यंत माझं ठरेल असं वाटत नाही.

डबा शिवणयंत्राएवढा जड आणि पॅनल पाठ्यपुस्तकाएवढी. तिन्ही एका कापडात शिवलेली, उघडली की पाळण्यातल्या पोराची झबली वाळत घातल्यासारखी दिसतात. सोबत एक पुस्तिका होती, तिच्यात कुठल्या कुठल्या भाषा होत्या, फक्त आपली नव्हती. चित्रं मात्र छान. हिरवळीवर एक जोडपं बसलंय, बाईचे पाय झऱ्यात, शेजारी हा डबा. त्या बाईच्या घरी आजारी माणूस नसावं.

पहिले काही दिवस तू लिहिलंस तसं, वीज असेल तेव्हा भिंतीच्या सॉकेटवरून डबा भरायचा आणि ती गेली की त्यावर पंप लावायचा, असं व्यवस्थित चाललं. मग एका दुपारी वीज परत आली ती अशी काही उसळून आली की चार्जरच्या काळ्या ठोकळ्याने फट् असा आवाज केला आणि प्राण सोडला. त्याच वेळी खालच्या मजल्यावर डेंटिस्टचा फ्रिजही गेला, तेव्हा आम्ही एकटे नव्हतो एवढंच समाधान. दुकानदार म्हणाला, हा ठोकळा वेगळा येतो, मागवावा लागेल. कधी येईल विचारलं तर त्याने छताकडे पाहिलं. म्हणजे उरलं ऊन.

आता आमच्याकडचं ऊन. तू हे घर पाहिलेलं आहेस. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत इतकी जवळ, की हात लांबवून ती ओली आहे का कोरडी हे सांगता येतं. ऊन म्हणून जे काही येतं ते न्हाणीघराच्या झरोक्यातून, तेही सकाळी, बिचकत. मी पॅनल तिथे कपड्यांच्या चिमट्यांनी टांगली. सबंध सकाळ घरात कोणाला अंघोळ नाही. (कोणाला म्हणजे मला. ह्यांना रोज दुपारपर्यंत असणाऱ्या नर्सबाई पुसून घेतात.) दुपारी डब्याचं बटण दाबून पाहिलं तर किती भरलाय तो आकडा सकाळपेक्षा कमी! मी डोक्याला हात लावला. सूर्याने दिलं नाही हे समजू शकते, पण होतं तेही नेलं? मग नर्सबाईंनी डबा उलटा केला. मागे एक दिवा आहे, तो मी उचलताना लागला होता आणि न्हाणीघराच्या भिंतीला तोंड करून सबंध सकाळ ढणढणत होता.

ह्यांना हे समजल्यावर पलंगावरून हसू आलं. आता हसतात ते अर्ध्याच तोंडाने, पण चेष्टा पूर्ण असते. जन्मभर नाटकांना उजेड देणारा माणूस, कुठला दिवा कुठून मारला की नटीचं वय दहा वर्षांनी उतरतं हे ह्यांना पाठ. तेव्हा सूर्य म्हणजे ह्यांच्या हाताखालचाच. पूर्वी तासभर बोलायचे त्यातून मला मुद्दा शोधावा लागायचा, आता दिवसाकाठी मोजके शब्द निघतात आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मुद्द्याचे असतात. "डावीकडे." मी पॅनल डावीकडे. "वर." मी स्टुलावर. "अजून." स्टुलावरून अजून वर म्हणजे मला सरळ स्वर्गातच जायला हवं होतं, तसं सांगितलं, तर डोळे मिटून घेतले. नंतर लक्षात आलं की ह्यांनी पॅनल अशा कोनात लावून घेतली होती की उजेड त्यांच्यावरून परतून न्हाणीघराच्या दारावर सुरेख पडत होता. दिसायला फार छान. डब्यात शून्य.

शेवटी गच्ची. गच्चीची किल्ली वरच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाईंकडे असते. निवृत्त झाल्या तरी त्यांच्या दारात उभं राहिलं की आपला गृहपाठ राहिलाय असं वाटतं. त्यांनी किल्ली दिली, पण अटी घालून: टाकीला हात लावायचा नाही, वायर ओढायची नाही, आणि पाऊस आला तर जबाबदारी माझी. (पावसाची.) तो शिवणयंत्राएवढा डबा छातीशी धरून मी जिने चढले, कारण लिफ्टला वीज लागते आणि वीज असती तर मी जिने कशाला चढले असते. वर मात्र ऊन होतं. इतकं, की मला क्षणभर परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटलं. पॅनल मांडली, डबा शेजारी ठेवला, खाली आले. परत जाऊन पाहते तर डबा तापून बंद. उन्हावर चालणाऱ्या वस्तूला ऊन सोसत नाही हे मला कोणी सांगितलं होतं? मी ओला टॉवेल आणायला धावले, तर नर्सबाईंनी जिन्यातच अडवलं आणि वीज, पाणी आणि मूर्खपणा एकत्र आले की काय होतं ते समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी डबा टाकीच्या सावलीत आणि पॅनल उन्हात अशी वाटणी केली. तरी आकडा हलेना. पाहते तर डेंटिस्टच्या आईने दोरीवर चादर टाकलेली आणि तिची सावली एका पॅनलवर. एकाच! पण तीन भावंडांतलं एक रुसून बसलं की बाकीचीही जेवत नाहीत, तसं ह्या पॅनलांचं आहे. मी चादर सरकवली. त्या आल्या आणि त्यांनी ती परत होती तिथे आणली. मी पुन्हा सरकवली. मग आमचं बोलणं झालं. काय झालं ते लिहीत नाही, आईने आपल्याला जे शब्द वापरू नका म्हणून सांगितलं होतं त्यातले बरेचसे कामी आले. त्यानंतर आम्ही एकमेकींशी अबोला धरला आणि गच्चीची वाटणी केली, टाकीपासून इकडची माझी, तिकडची त्यांची. शिवाय वाऱ्याने पॅनल उलटतात आणि सूर्य सरकतो तशी तीही सरकवावी लागतात, म्हणून नर्सबाई खाली असेपर्यंत मी तिथेच बसून राहू लागले.

आता ज्या दिवसाबद्दल लिहायचं टाळत इथवर आले, त्याबद्दल. खाली दारावर कागद चिकटला की रस्त्यावरच्या कामासाठी उद्या दिवसभर वीज बंद. मी डबा काठोकाठ भरून ठेवला होता. मनात म्हटलं, येऊ दे उद्या. सकाळी पंप डब्यावर लावला आणि घरघर सुरू झाली. थोड्या वेळाने तिसऱ्या मजल्यावरची, परीक्षेला बसलेली मुलगी आली, फोन जरा लावू का म्हणून. मी नाही म्हणायला तोंड उघडलं तोच हे म्हणाले, "दे." तिच्या मागून आणखी दोघं. मग मुलीचा लॅपटॉप. मग मुख्याध्यापिकाबाई स्वतः, काखेत टेबलफॅन घेऊन, कारण खोलीत एवढी माणसं म्हणजे पेशंटला उकडणारच. दादा, मी थांबवायला हवं होतं. पण ह्यांना झटका आल्यापासून त्या खोलीत नर्सबाई आणि मी सोडून कोणी टेकलं नव्हतं. लोक दारातून डोकावतात, "कसं आहे आता?" विचारतात आणि उत्तर यायच्या आत जिना उतरू लागतात. त्या दिवशी फोन भरेपर्यंत बसावंच लागत होतं, म्हणून बसले. बसले म्हणून बोलले. ह्यांनी एक नाटकातला किस्सा सांगितला, शब्द शब्द वेचून, घाम फुटेपर्यंत, आणि मंडळी शेवटाला हसली. योग्य जागी हसली. मी स्वयंपाकघरात उभी राहून ते हसणं ऐकलं आणि डब्याकडे पाहिलं नाही.

दुपारी डबा कूं कूं करून बंद पडला. पंख्याचं पातं थांबलं, पंप थांबला. आभाळ भरून आलेलं होतं, वर जाण्यात अर्थ नव्हता. मंडळी ओशाळली, एकेक जण फोन उचलून, चप्पल शोधत गेला. खोलीत आम्ही दोघं आणि ती झिरपणारी गादी.

ह्यांना कुशीवर वळवायचं काम आम्ही दोघी करतो, मी आणि नर्सबाई, आणि नर्सबाई कधीच गेल्या होत्या. मी एकटीने खांद्याखाली हात घातला, जोर लावला, ते अर्धे वळले आणि माझ्या कमरेत अशी कळ आली की मी तशीच अडकले. ह्यांना सोडावं तर ते फळीवर आदळणार, धरून ठेवावं तर मला श्वास घेता येईना. दोघांची तोंडं समोरासमोर. इतक्या जवळून मी ह्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. दाढी नीट झालेली नव्हती. मी ओरडले. कोणाचं नाव घ्यावं सुचेना, म्हणून नुसतीच "अहो, कोणीतरी या" म्हणून ओरडले.

आली ती डेंटिस्टची आई. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही (अबोला होता ना), मागे फिरली आणि घरातून चादर घेऊन आली. तीच, दोरीवरची. ती ह्यांच्या अंगाखाली सरकवली, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि "ओढा" एवढंच म्हणाली. हे अलगद वळले. तिने आपल्या यजमानांचं बरीच वर्षं असंच केलं होतं, हे मला तेव्हा कळलं. एकाच जिन्यावर राहतो आम्ही. वीज येईपर्यंत ती बसली आणि दर थोड्या वेळाने आम्ही चादर ओढत राहिलो. जखमेतून पट्टीवर लाल उमटलं होतं.

ती गेल्यावर हे भिंतीकडे तोंड करून होते. म्हणाले, "पुरे."

मला वाटलं उशी पुरे. मी ती काढायला गेले.

"उशी नाही. हे. सगळं. पुरे."

मी म्हटलं, "पंप सुरू झालाय. ऐकू येतोय ना?"

"मग?"

ह्या "मग"चं उत्तर तुझ्याकडे असेल, दादा, तर पुढच्या खोक्यातून पाठव. मी ह्यांच्यावर ओरडले. तुम्हाला पुरे असेल, मला विचारलंत का, तो डबा वर कोण नेतं, भांडणं कोण करतं, असं वाट्टेल ते बोलले आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. नळाला पाणी नव्हतं, त्यामुळे सगळं बाहेर ऐकू गेलं असणार.

दुसऱ्या दिवशी आभाळ उघडलं. नर्सबाई आल्या, मी रिकामा डबा उचलला आणि वर गेले. पॅनल मांडली, टाकीला टेकले आणि झोप लागली. खाली आले तेव्हा मान अवघडलेली, तोंडावर टाकीच्या सिमेंटचे वळ. मी डबा पलंगाशेजारी ठेवला. पलंगावरून आवाज आला, "किती?"

मी बटण दाबून आकडा सांगितला.

"कमी आहे," हे म्हणाले. "उद्या जास्त वेळ ठेव."

तेव्हापासून रोज वर जाते आणि खाली आल्यावर रोज "किती?" म्हणून विचारणं होतं. "पुरे" पुन्हा निघालेलं नाही. निघणार नाही असं नाही. जखम आहे तशीच आहे, डॉक्टर तिच्याकडे पाहतात आणि मग बराच वेळ हात धूत बसतात. डेंटिस्टच्या आईने टाकीपलीकडची हद्द मोडली आहे, वाळलेली चादर पुन्हा वाळत घालायला येते आणि माझ्या शेजारी बसते. अबोला मोडायचा कोणी हे अजून ठरायचं आहे.

एवढं पुरे झालं. तुझ्या माझ्यावरच्या लोभात आणखी वाढ करू नकोस, तो खोक्यातून येतो आणि मला जिने चढावे लागतात.

तुझी,
धाकटी

ता. क. तो जळालेला ठोकळा तू दुसरा पाठवशील अशी मला शंका आहे. पाठवू नकोस. पाठवलास तर मी परत पाठवीन.

ता. क. दुसरा. कारण सांगितल्याशिवाय तू ऐकणार नाहीस, म्हणून सांगते. त्या दिवशीचं रस्त्यावरचं काम म्हणजे नवा ट्रान्सफॉर्मर होता. तेव्हापासून वीज एकदाही गेलेली नाही. पंप भिंतीवरच मजेत चालतो आणि डबा केव्हाच भरला. ह्यांना मी सांगितलंय की विजेचा भरवसा नाही, आणि आकडा रोज मनाने सांगते, कधी एकसष्ट, कधी अडुसष्ट, कधी ढग होते म्हणून उतरवते. मी वर जाऊन पॅनल मांडते. वायर लावत नाही. बसते. दादा, दिवसातला तेवढाच वेळ मला तो पंप ऐकू येत नाही. हे वाईट आहे का ते मला माहीत नाही आणि तू सांगूही नकोस. फक्त ह्यांनी फोनवर विचारलं तर सांग, ह्या जातीच्या बॅटरीला रोज दोन तास ऊन दाखवावंच लागतं, नाहीतर ती मरते. जरा तांत्रिक भाषेत सांग. पाकीट नर्सबाईंकडे देऊन वर जाते, ह्यांच्या नजरेस पडायला नको.

ता. क. तिसरा, नर्सबाईंच्या अक्षरात, शब्द माझे. मेहुणे, नमस्कार. ही वर आहे. बॅटरी शंभर आहे. बटण डाव्या अंगठ्यानेही दाबलं जातं. मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक नाही. तिला लिहा, रोज दोन तास ऊन हवंच. नाहीतर बॅटरी मरते म्हणावं. दरडावून लिहा. तुमचं ती ऐकते.

ता. क. चौथा, मी नर्स. काका आणि काकू, दोघांनीही मला हे पत्र वाचू नका म्हणून बजावलं आहे. मी वाचलेलं नाही. दोन तास कमी पडतात, तीन लिहा.